विद्यार्थ्यांनी घडविलेले पंख

(व्याख्यानाचा मजकूर)

उड्डाणशास्त्र शिकविणारे विद्यापीठ म्हटले की वर्ग, ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि वर्षअखेरची परीक्षा असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. विद्यार्थी वर्गात पंखाचे गणित शिकतो, उत्तरपत्रिकेत ते सोडवितो आणि पदवी घेऊन बाहेर पडतो. त्याने कागदावर मांडलेला पंख प्रत्यक्षात कधी हवेत जात नाही आणि गणितात चूक झालीच तर फार तर चार गुण कमी होतात. जर्मनीतील काही तांत्रिक विद्यापीठांत मात्र शंभर वर्षांपासून एक निराळी परंपरा चालत आली आहे. तेथे विद्यार्थी विमानाचा आराखडा स्वतः काढतात, ते आपल्या हातांनी बांधतात आणि त्यात बसून स्वतःच आकाशात जातात. आज जगभर ग्लायडर ज्या द्रव्याचे बनतात, त्या संमिश्र द्रव्याला उड्डाणक्षेत्रात मानाचे स्थान मिळवून देण्याचा मोठा वाटा या विद्यार्थ्यांकडे जातो. हे कसे घडले आणि त्यातून आपल्या शाळा-महाविद्यालयांनी काय घ्यावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम ग्लायडर म्हणजे काय ते पाहू. ग्लायडर हे इंजिन नसलेले विमान होय. दोराने ओढून किंवा दुसऱ्या विमानाच्या मागे बांधून ते उंच नेतात आणि मग सोडून देतात. उन्हाळ्यात माळावर तापलेली हवा वर चढू लागली की घार पंख न हलविता गिरक्या घेत उंच जाताना दिसते. ग्लायडरचा वैमानिकही तोच मार्ग धरतो. वर चढणारी हवा संपली की तो हळूहळू उंची गमावीत पुढे सरकतो आणि पुढचा झोत शोधतो. किती उंची गमावून किती अंतर काटले, या प्रमाणावरून ग्लायडरची प्रत ठरते. हे प्रमाण ४० असेल तर शांत हवेत १ किलोमीटर उंचीवरून ते ४० किलोमीटर जाते. म्हणजे पणजीच्या माथ्यावर १ किलोमीटर उंचीवर असलेले असे ग्लायडर इंजिनावाचून मडगाव मागे टाकून पुढे कित्येक किलोमीटर जाऊ शकेल.

जर्मनीत या विद्येला बहर येण्यास एक ऐतिहासिक कारण घडले. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ च्या व्हर्साय तहाने जर्मनीला लष्करी विमानदल ठेवण्यास मनाई केली. इंजिनाच्या विमानांच्या निर्मितीवरही काही काळ बंदी आणि नंतर कडक मर्यादा आल्या. उड्डाणाची ओढ असलेल्या तरुणांना मग इंजिनाविना उडण्याचाच मार्ग उरला. १९२० मध्ये रोन पर्वतातील वासरकुप्पे या सुमारे ९५० मीटर उंचीच्या डोंगरावर ग्लायडरची पहिली स्पर्धा भरली. याच सुमारास तांत्रिक विद्यापीठांतून विद्यार्थ्यांचे उड्डाणगट उभे राहू लागले. त्यांना जर्मन भाषेत थोडक्यात ‘आकाफ्लीग’ म्हणतात. डार्मश्टाट, हॅनोव्हर, ब्राउनश्वाइग, म्युनिक, श्टुटगार्ट, कार्ल्सरूह अशा शहरांतील गट पुढे विशेष प्रसिद्धीस आले.

हॅनोव्हरच्या विद्यार्थ्यांच्या ‘व्हाम्पायर’ या ग्लायडरने १९२१ मध्ये या क्षेत्राची दिशा बदलली. त्या वेळचे अनेक ग्लायडर दोऱ्या-तारांनी आवळलेले असत. ‘व्हाम्पायर’च्या पंखात मात्र एकच मजबूत तुळई होती आणि पंखाची पुढची कड प्लायवुडच्या पातळ पत्र्याने मढवून पंख पिळला जाणार नाही अशी योजना केलेली होती. १९२२ च्या ऑगस्ट महिन्यात या ग्लायडरने वासरकुप्पेवर प्रथम एक तासाहून अधिक आणि पुढे थोड्याच दिवसांत तीन तासांहून अधिक वेळ हवेत राहून दाखविले. काही वर्षांपूर्वीपर्यंत ग्लायडरची उड्डाणे मिनिटांत मोजली जात, हे लक्षात घेतले म्हणजे या यशाचे मोल कळते.

या गटांची कार्यपद्धती समजून घेण्यासारखी आहे. गटात प्रवेश घेणारा विद्यार्थी विमानशास्त्राचाच असला पाहिजे असे नाही. यंत्रशास्त्र, विद्युत्‌शास्त्र, गणित, क्वचित अन्य विषयांचे विद्यार्थीही त्यात असतात. प्रत्येकाने वर्षभरात ठराविक तास कार्यशाळेत काम केलेच पाहिजे, असा दंडक असतो. नवखा विद्यार्थी पहिल्या दिवशी आराखडा काढीत नाही; तो कापडाने घासतो, झाडलोट करतो, साचे पुसतो. त्या श्रमाच्या मोबदल्यात त्याला उडावयास शिकण्याची आणि गटाची विमाने वापरण्याची संधी मिळते. प्राध्यापक सल्ला देतात, विद्यापीठ जागा देते, कारखाने कधी सामग्री पुरवितात. परंतु कोणते विमान बांधावयाचे, ते कसे बांधावयाचे आणि ते केव्हा उडविण्यायोग्य झाले याची जबाबदारी विद्यार्थीच उचलतात. एका विमानास पाच, सात, कधी त्याहून अधिक वर्षे लागतात. ज्याने पहिली रेघ ओढली तो पदवी घेऊन निघून जातो आणि त्याचे काम पुढच्या तुकडीतील कोणीतरी हाती घेते. म्हणून प्रत्येक निर्णय, प्रत्येक मोजमाप आणि प्रत्येक चूक लिहून ठेवावी लागते. शिकण्यासाठी आलेल्याने जाण्यापूर्वी दुसऱ्यास शिकविलेच पाहिजे, अशी ही रचना आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत सर्वच प्रकारच्या उड्डाणावर बंदी आली. ग्लायडर उडविण्याची मोकळीक १९५१ मध्ये मिळाली आणि विद्यार्थ्यांच्या कार्यशाळा पुन्हा गजबजल्या. या वेळी त्यांच्यापुढे जो प्रश्न उभा होता तो लाकडाचा होता.

लाकूड हे उत्तम द्रव्य आहे. ते हलके असते, मजबूत असते आणि सुताराच्या हाताला वश होते. आपल्याकडे १९६१ मध्ये पहिले उड्डाण केलेले ‘रोहिणी’ हे दोन आसनांचे प्रशिक्षण ग्लायडरही लाकडीच होते. परंतु लाकूड हवेतील ओल घेते, फुगते आणि उन्हात आकसते. पंखाच्या आतल्या फासळ्यांवर प्लायवुड किंवा कापड ताणले की दोन फासळ्यांच्या मध्ये ते किंचित खोलगट होते. डोळ्यांना न दिसणाऱ्या या लाटा हवेला मात्र जाणवतात. पंखावरून वाहणारी हवा एकसारख्या थरांनी वाहत राहिली तर तिचा अवरोध फार कमी होतो. पृष्ठभागावर मिलिमीटरच्या काही दशांशाइतका उंचसखलपणा आला तरी ते थर विस्कटतात आणि अवरोध वाढतो. पंखाच्या कडेवर चिकटलेल्या किड्यांमुळेही ग्लायडरची कामगिरी घटते. अशा थरबद्ध प्रवाहाचे पंख कसे असावेत, याचे गणित त्या वेळी तयार होत होते. परंतु त्या गणिताला न्याय देईल असा गुळगुळीत पंख लाकडातून निघणे आणि तसाच टिकणे कठीण होते. गणित पुढे गेले होते आणि द्रव्य मागे पडले होते.

या अडचणीवर उपाय ठरले ते संमिश्र द्रव्य. नाव अवघड असले तरी कल्पना खेड्यातील माणसाला नवी नाही. कारवीच्या किंवा बांबूच्या कुडावर शेणमातीचा गिलावा देऊन भिंत उभी करतात. नुसती माती वाळली की तडकते आणि नुसता कूड वारा अडवीत नाही. दोन्ही एकत्र आले की भिंत होते. काचतंतूच्या द्रव्यातही हेच तत्त्व आहे. काचेचा जाड तुकडा ठिसूळ असतो, कारण त्याच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म चिरांपासून तो तुटू लागतो. तीच काच वितळवून केसाहून बारीक तंतू ओढले म्हणजे अशा चिरा फारच थोड्या राहतात आणि तंतू आश्चर्यकारक ताण सोसतो. हे तंतू कापडासारखे विणून किंवा सरळ पेळूच्या रूपात ठेवून त्यांवर पातळ राळ ओततात. राळ घट्ट झाली की ती तंतूंना जागच्या जागी धरून ठेवते. ताण तंतू घेतात आणि आकार राळ सांभाळते. गोव्याच्या आणि कोकणच्या किनाऱ्यावर लाकडी होड्यांच्या जोडीला ‘फायबर’च्या होड्या आल्या, त्या याच द्रव्याच्या होत.

या द्रव्याचा मोठा गुण असा की बळ ज्या दिशेला हवे त्या दिशेला तंतू घालता येतात. लाकडाचे रेषे निसर्गाने ठरविलेले असतात. येथे ते बांधणारा ठरवितो. ग्लायडरचा पंख उड्डाणात वरच्या बाजूला वाकतो, म्हणून त्याच्या तुळईत मुळापासून टोकापर्यंत सरळ, अखंड तंतू ठेवतात. पंख पिळला जाऊ नये म्हणून त्याच्या कवचातील कापड तिरपे, पंचेचाळीस अंशांत घालतात. शिवाय हे सर्व साच्यात घडत असल्याने साचा जितका गुळगुळीत तितका पंख गुळगुळीत निघतो. थरबद्ध प्रवाहाच्या गणिताला हवा होता तो पृष्ठभाग अशा रीतीने मिळाला.

या मार्गावरील पहिले पाऊल श्टुटगार्ट येथे पडले. तेथील उड्डाणगटातील रिचर्ड एप्लर आणि हेर्मान नेगेले यांनी १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच एका नव्या ग्लायडरचा विचार सुरू केला होता. एप्लर हे गणिती होते. पंखाचा छेद कसा असावा याच्या गणनेत त्यांनी पुढे जागतिक कीर्ती मिळविली. सुरुवातीला बाल्सा या अतिशय हलक्या लाकडाचा विचार होता. पुढे बाल्साच्या थराच्या दोन्ही बाजूंना काचतंतू आणि राळ यांचे पातळ कवच देण्याची कल्पना पक्की झाली. बोल्को या विमान कंपनीच्या साह्याने ते काम तडीस गेले आणि २७ नोव्हेंबर १९५७ रोजी ‘फीनिक्स’ या ग्लायडरने पहिले उड्डाण केले. काचतंतूच्या संमिश्र द्रव्याचे हे जगातील पहिले ग्लायडर होय. १६ मीटर पंखविस्ताराच्या या ग्लायडरने त्या काळच्या उत्तम लाकडी ग्लायडरशी सहज बरोबरी केली आणि पुढची दिशा दाखवून दिली.

नव्या द्रव्याविषयी त्या वेळी शंका घेणारे पुष्कळ होते आणि त्यांची शंका अस्थानी नव्हती. लाकडाचा दोष पाहणाऱ्याला दिसतो, धातूची चीर तपासणीत सापडते; परंतु काचतंतूच्या थरात हवेचा बुडबुडा राहिला, राळ आणि तिला घट्ट करणारे द्रव्य यांचे प्रमाण चुकले किंवा एखादा थर कोरडा राहिला तर वरून काहीच कळत नाही. उष्णतेने राळ मऊ पडते, हाही एक धोका होता. उन्हात उभे असलेले विमान किती तापेल आणि तापल्यावर त्याचे बळ किती उरेल, याचा हिशेब आधीच करावा लागतो. संमिश्र द्रव्याचे ग्लायडर बहुधा पांढरेशुभ्र दिसतात, त्यामागे शोभेपेक्षा हेच कारण आहे. पांढरा रंग ऊन परतवून लावतो.

या शंकांना विद्यार्थ्यांनी वादविवादाने उत्तर दिले नाही. त्यांनी पंख बांधून त्यांवर वजने ठेवली. उड्डाणात पंखावर जेवढा भार येईल असा हिशेब असतो, त्याच्या दीडपट भार जमिनीवर देऊन पंख टिकतो की नाही हे पाहण्याची रीत विमानशास्त्रात रूढ आहे. कधी चाचणीसाठीच एक पंख किंवा त्याचा भाग बांधतात आणि तो तुटेपर्यंत भार वाढवितात. महिनोन्‌महिने खपून केलेली वस्तू स्वतःच्या हातांनी मोडावी लागते. पण ती कोठे आणि किती भाराला मोडली, हे ज्ञान त्या पंखापेक्षा मोलाचे असते. अधिकाऱ्यांनीही नवे म्हणून ते द्रव्य नाकारले नाही किंवा विद्यार्थ्यांचा उत्साह पाहून डोळे झाकून मान्यताही दिली नाही. त्यांनी पुरावा मागितला आणि पुरावा मिळत गेला तसतसे नियम तयार होत गेले. पुढे ‘ग्लासफ्लुगेल’ या कारखान्याच्या ‘लिबेल’ या काचतंतूच्या ग्लायडरला जर्मनी आणि अमेरिका या दोन्ही देशांत रीतसर प्रमाणपत्र मिळाले.

तथापि ही वाट निर्धोक होती असे समजणे चुकीचे ठरेल. ब्राउनश्वाइगच्या गटात ब्योर्न श्टेंडर हा अतिशय बुद्धिमान विद्यार्थी होता. ‘एसबी-६’ हे त्या गटाचे काचतंतूचे पहिले ग्लायडर त्याच्या आराखड्यावरून तयार झाले आणि १९६१ मध्ये आकाशात गेले. त्यानंतर त्याने ‘बीएस-१’ हे स्वतःचे नवे ग्लायडर रचले. १९६३ मध्ये त्या ग्लायडरच्या चाचणी-उड्डाणात त्याला प्राण गमवावे लागले. त्याचे काम मात्र थांबले नाही. ‘ग्लासफ्लुगेल’ने तो आराखडा हाती घेऊन, त्यात सुधारणा करून ते ग्लायडर पुढे नेले. कार्यशाळेतील प्रत्येक नवख्या विद्यार्थ्याला राळ तराजूने तोलूनच घ्यावयास का लावतात, मिश्रणाची वेळ आणि तापमान वहीत का लिहावयास लावतात, आणि एकाने केलेले काम दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढचा थर का घालू देत नाहीत, याचे उत्तर अशा घटनांत आहे. तेथे कामचुकारपणाची किंमत शिक्षेने मोजली जात नाही; ती सहकाऱ्याच्या जिवाने मोजावी लागण्याचा संभव असतो, ही जाणीव प्रत्येकाला असते.

डार्मश्टाटच्या चार विद्यार्थ्यांची कथा या इतिहासात विशेष महत्त्वाची आहे. गेरहार्ड वायबेल, वोल्फ लेम्के, क्लाउस होलिगहाउस आणि हायको फ्रीस यांनी ‘डी-३६’ हे ग्लायडर रचले. त्याचे पहिले उड्डाण मार्च १९६४ मध्ये झाले. पंखविस्तार १७.८ मीटर आणि अंतर व उंची यांचे प्रमाण ४४ च्या आसपास, असे ते त्या काळचे अत्युत्कृष्ट ग्लायडर ठरले. १९६५ मध्ये इंग्लंडमधील साउथ सर्नी येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत रोल्फ श्पेनिग याने त्यावर खुल्या गटात दुसरा क्रमांक पटकाविला. विद्यार्थ्यांच्या कार्यशाळेतून निघालेल्या विमानाने जगातील नामांकित कारखान्यांच्या विमानांना मागे टाकले होते.

याहूनही मोठी गोष्ट नंतर घडली. वायबेल वासरकुप्पेच्या पायथ्याशी असलेल्या श्लायशर कारखान्यात गेला, होलिगहाउस शेम्प-हिर्थ कारखान्यात गेला आणि लेम्के याने रोलाडेन-श्नायडर या कारखान्यात ग्लायडरची नवी मालिका सुरू केली. त्यांच्या हातून निघालेली ग्लायडर पुढे कित्येक दशके जगभर उडत राहिली. वायबेलने ‘डी-३६’च्या अनुभवावर रचलेल्या ‘एएसडब्ल्यू-१२’ या ग्लायडरमधून हान्स-वेर्नर ग्रोसे याने २५ एप्रिल १९७२ रोजी उत्तर जर्मनीतील ल्युबेक येथून फ्रान्सच्या नैऋत्य किनाऱ्यावरील बियारित्झपर्यंत सुमारे १,४६० किलोमीटरचे उड्डाण एका दिवसात, इंजिनावाचून पार पाडले. मुंबई ते दिल्ली हे हवाई अंतर याहून कमी आहे. विद्यापीठाच्या शेडमध्ये शिकलेली गोष्ट अशा रीतीने उद्योगात आणि उद्योगातून जगात गेली.

काचतंतूलाही मर्यादा होती. तो मजबूत असला तरी बराच लवतो. पंख फार लांब केला की तो वाकतो आणि थरथरू लागतो. त्यावर कार्बन तंतू हा उपाय पुढे आला. कार्बन तंतू काचतंतूपेक्षा हलका असून ताठपणात त्याच्या सुमारे तिप्पट असतो. किंमत मात्र त्या वेळी फार मोठी होती. ब्राउनश्वाइगच्या विद्यार्थ्यांनी १९७२ मध्ये उडविलेल्या ‘एसबी-१०’ या ग्लायडरच्या पंखात कार्बन तंतू वापरला. ग्लायडरमध्ये त्याचा असा उपयोग प्रथमच होत होता. पंखविस्तार २९ मीटर, म्हणजे अडीच बसगाड्या एकापुढे एक उभ्या कराव्यात इतका, आणि अंतर व उंची यांचे प्रमाण ५३. याच गटाच्या ‘एसबी-११’ या १५ मीटर पंखाच्या ग्लायडरवर हेल्मुट राइखमान याने १९७८ मध्ये फ्रान्समधील शातोरू येथील जागतिक स्पर्धेत आपल्या गटाचे विजेतेपद मिळविले. त्याच्या पंखाची मागची पट्टी बाहेर सरकवून पंखाचे क्षेत्रफळ उड्डाणात वाढविता येत असे.

सर्वच प्रयोग असे फळाला आले नाहीत, हेही सांगणे अवश्य आहे. श्टुटगार्टच्या विद्यार्थ्यांनी १९७५ मध्ये ‘एफएस-२९’ हे ग्लायडर उडविले. त्याचे पंख दुर्बिणीच्या नळीसारखे एकात एक सरकत आणि विस्तार सुमारे १३ मीटरपासून १९ मीटरपर्यंत बदलता येई. ब्राउनश्वाइगचे ‘एसबी-१३’ हे १९८८ मध्ये उडालेले ग्लायडर शेपटीविना होते; त्याचे बहुतेक सर्व अंग कार्बन तंतूचे होते आणि संकटकाळी सबंध विमान खाली उतरविणाऱ्या हवाई छत्रीचाही त्यात विचार केलेला होता. दोन्ही विमाने उडाली, दोहोंनी आपले म्हणणे सिद्ध केले. परंतु रचना गुंतागुंतीची किंवा हाताळण्यास कठीण असल्याने कारखान्यांनी ती उचलली नाहीत. नफ्याचा विचार करणारा कारखाना असा प्रयोग करू धजत नाही. विद्यापीठाने तो करावा आणि एखादी वाट का सोडावी हेही जगाला सांगावे, यात त्याचे कर्तव्य आहे.

हे सांगणे प्रामाणिक राहावे म्हणून या गटांनी एक उत्तम प्रथा पाडली आहे. दर उन्हाळ्यात सर्व विद्यापीठांचे गट एकत्र जमतात आणि जर्मनीच्या राष्ट्रीय विमान-संशोधन संस्थेच्या साह्याने विमानांची मोजमापे घेतात. पहाटे हवा शांत असताना दोन ग्लायडर उंच नेऊन सोडतात. एकाची कामगिरी आधीच अचूक मोजलेली असते, दुसरे नवे असते. दोन्ही शेजारी-शेजारी, सारख्या वेगाने उडतात आणि काही मिनिटांनी त्यांच्या उंचीत किती फरक पडला हे टिपून घेतात. बांधणाऱ्याने आपल्या विमानाविषयी काय दावा केला होता, याला तेथे महत्त्व नसते. आकडा कमी आला तरी तो नोंदला जातो आणि इतरांसमोर मांडला जातो.

संमिश्र द्रव्याच्या वापरात काही दोषही आहेत. राळ कातडीला व श्वासाला अपायकारक असते, घासताना उडणारी तंतूंची धूळ टाळावी लागते आणि निकामी झालेला भाग लाकडासारखा जाळता किंवा धातूसारखा वितळविता येत नाही. म्हणून हातमोजे, मुखपट्टी आणि खेळती हवा यांचा आग्रह हा या शिक्षणाचाच भाग मानला पाहिजे. आपल्या किनाऱ्यावर होड्यांची डागडुजी करणारे कारागीर अनेकदा उघड्या हातांनी हे काम करतात. त्यांच्यापर्यंत ही माहिती पोहोचविणे हे शिक्षकांचे आणि अधिकाऱ्यांचे काम आहे.

भारतातही हे द्रव्य आता परके राहिलेले नाही. बंगळुरू येथील राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने रचलेले ‘हंसा’ हे संमिश्र द्रव्याचे दोन आसनांचे प्रशिक्षण विमान १९९३ मध्ये प्रथम उडाले. पुण्याजवळ हडपसर येथील ग्लायडिंग केंद्रामुळे मराठी तरुणांना ग्लायडरचीही ओळख झालेली आहे. द्रव्य आले, विद्या आली. परंतु विद्यार्थ्याने एखादी वस्तू आराखड्यापासून चाचणीपर्यंत स्वतः पूर्ण करावी आणि तिच्या बऱ्यावाईटाची जबाबदारी घ्यावी, ही सवय आपल्या शिक्षणात अद्याप म्हणावी तितकी रुजलेली नाही. आपल्याकडे हाताने काम करणारा आणि डोक्याने काम करणारा यांच्यामध्ये जुनी भिंत आहे. सुताराच्या मुलाला गणित आले तरी त्याचे कौतुक होते; गणिताच्या पदवीधराला रंधा आला तर मात्र त्याची कोणी दखल घेत नाही. जर्मन विद्यार्थ्यांच्या कार्यशाळेत ही भिंत नाही, आणि त्यांच्या यशाचे मूळ तेथेच आहे. एप्लर यांचे गणित राळेने माखलेल्या हातांवाचून कागदावरच राहिले असते आणि ते हात गणितावाचून जुनेच पंख बांधीत बसले असते.

प्रत्येक महाविद्यालयाने विमान बांधावे, असा याचा अर्थ नव्हे. विमानाला परवाने, पैसा आणि अनुभवी देखरेख लागते, आणि ती नसताना केलेले साहस हे साहस नसून अविचार होय. परंतु त्यामागची रीत कोठेही आचरता येईल. माध्यमिक शाळेतील मुलांनी बांबू व कागदाचा छोटा ग्लायडर करावा, तो किती उंचीवरून सोडला आणि किती दूर गेला हे फुटपट्टीने मोजावे, वहीत लिहावे आणि पुढच्या वर्षीच्या मुलांनी ती वही वाचूनच आपला ग्लायडर करावा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील विद्यार्थ्यांनी काचतंतूचा तुकडा तयार करून तो भाराखाली मोडून पाहावा. किनाऱ्यावरील गावात होडी बांधणारा कारागीर शाळेत बोलवावा आणि विज्ञानाच्या शिक्षकाने त्याच्या कामातील शास्त्र मुलांना उलगडून दाखवावे. यांपैकी कशालाही मोठा खर्च नाही. लागते ती मोजण्याची, लिहिण्याची आणि आपले काम दुसऱ्याकडून तपासून घेण्याची सवय.

अधिकाऱ्यांच्या दृष्टीनेही यात एक बोध आहे. नव्या गोष्टीला नियम नाही म्हणून ती अडविणे सोपे असते आणि दडपणाखाली तिला मान्यता देऊन टाकणेही सोपे असते. काय सिद्ध करावयाचे ते स्पष्ट सांगणे आणि सिद्ध झाल्यावर वाट मोकळी करणे हे अवघड, परंतु तेच उपयोगाचे.

पंख बांधणाऱ्या त्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांना आपण सुरू केलेले विमान उडताना विद्यार्थीदशेत पाहावयास मिळाले नाही. तरीही त्यांनी आपला थर नीट घातला, कारण त्यावर पुढचा थर कोणीतरी घालणार होते आणि शेवटी त्यात कोणीतरी बसणार होते. आपण केलेल्या कामावर उद्या कोणाचा तरी जीव विसंबणार आहे, ही जाणीव ठेवून काम करावयास शिकविणे हेच कोणत्याही शिक्षणाचे खरे फलित होय. मग ते काम विमानाचे असो, होडीचे असो, साकवाचे असो की शाळेच्या छपराचे असो.